मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को: दुबईवरून जावं की सिंगापूरवरून? अंतर किती, विमानात बसायचे तास किती?

कंबरतलाव
मंडळी, नमस्कार. आई-बाबा मे महिन्यात सोलापूरहून धाकट्या बहिणीकडे कॅलिफोर्नियाला निघालेत. दोघांनी सत्तरी गाठलीय आणि विमानात पहिल्यांदाच बसणार आहेत. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, आईला शुगर आहे. एजंटनं दोन पर्याय पाठवलेत, दोन्ही मुंबईहून, एका थांब्याचे.

पहिला दुबईमार्गे: मुंबई पहाटे ४:००, दुबई ५:४५. दुबई सकाळी ८:३०, सॅन फ्रान्सिस्को त्याच दिवशी दुपारी १:३०.

दुसरा सिंगापूरमार्गे: मुंबई रात्री ९:३०, सिंगापूर दुसऱ्या दिवशी पहाटे ५:३०. सिंगापूर सकाळी ९:००, सॅन फ्रान्सिस्को त्याच तारखेला सकाळी ९:००.

नऊला निघून नऊलाच पोचायचं, हे काही माझ्या डोक्यात शिरेना. बाबांचं म्हणणं, अमेरिका पश्चिमेला आहे तर पूर्वेला सिंगापूरला कशाला जायचं, वळसाच पडणार. भिंतीवरच्या नकाशात बघितलं तर त्यांचं खरं वाटतं. मला तीन गोष्टी कळायला हव्यात: किलोमीटर किती, प्रत्यक्ष बसायचे तास किती, आणि या दोघांना त्यातलं काय झेपेल.

सीनाकाठ
ताई, तासांचं आधी सोडवून टाकू. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या गावची असते, त्यामुळे त्यांची सरळ वजाबाकी कधीच करायची नाही. सगळ्या वेळा आपल्या घड्याळात आणा.

सिंगापूर आपल्या अडीच तास पुढे. तिथले सकाळचे ९ म्हणजे आपले ६:३०. सॅन फ्रान्सिस्को मे महिन्यात आपल्या साडेबारा तास मागे. तिथले सकाळचे ९ म्हणजे आपले रात्रीचे ९:३०. साडेसहा ते साडेनऊ, झाले १५ तास.

दुबई आपल्या दीड तास मागे. तिथले ८:३० म्हणजे आपले सकाळचे १०. सॅन फ्रान्सिस्कोचे दुपारचे १:३० म्हणजे आपले मध्यरात्रीनंतरचे २. झाले १६ तास.

पहिला टप्पा दुबईपर्यंत सव्वातीन तास, सिंगापूरपर्यंत साडेपाच तास. मुंबई सोडल्यापासून अमेरिकेत टेकेपर्यंत दुबईवरून २२ तास, सिंगापूरवरून २४.

कंबरतलाव
बाप रे, किती सोपं करून दिलंत! म्हणजे वळसा घेऊनही फरक दोनच तासांचा? आणि लांबचा टप्पा तर सिंगापूरवरूनच कमी वेळाचा?

भूगोलमास्तर
ताई, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी विचारलं ते बरोबर विचारलं. चूक त्या भिंतीवरच्या नकाशाची आहे. मी सोलापुरात आयुष्यभर भूगोल शिकवला, आणि हा विषय फळ्यावर शिकवून कळत नाही, पृथ्वीगोल हातात घ्यावाच लागतो.

३० सेंटिमीटर व्यासाचा गोल घ्या. त्याचा घेर साधारण ९४ सेंटिमीटर. पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर. म्हणजे गोलावरचा १ सेंटिमीटर झाला सुमारे ४२५ किलोमीटर. आता शिवणाच्या दोऱ्याचं एक टोक मुंबईवर अंगठ्यानं दाबून धरा, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर न्या आणि दोरा ताणा. सैल असताना तो कुठूनही जाईल, पण ताणला की आपोआप सरकत सरकत वर उत्तरेकडे चढतो. मध्य आशिया, सायबेरिया, आर्क्टिक महासागराची कड, मग अलास्काच्या बाजूनं खाली. दोरा पट्टीवर मोजा, ३२ सेंटिमीटरच्या जरासा आत भरेल. म्हणजे सुमारे १३,५०० किलोमीटर. हेच या दोन विमानतळांमधलं सगळ्यात जवळचं अंतर.

आता तेच सपाट नकाशावर पट्टी ठेवून मुंबईतून पूर्वेला चीन-पॅसिफिकवरून सरळ रेघ मारा. कागदावर ती सरळ दिसते, पण प्रत्यक्षात त्या रेघेवरून गेलात तर १६,१०० किलोमीटरच्या पुढे अंतर पडतं. अडीच हजार किलोमीटरहून जास्त फरक, तोही फक्त गोल वस्तू कागदावर पसरल्यामुळे. त्यामुळे सॅन फ्रान्सिस्कोला जायला आपल्याकडून पूर्व-पश्चिम हा प्रश्नच नाही. ते आपल्या उत्तरेला आहे. दोघांच्या रेखांशात १६५ अंशांचा फरक, म्हणजे जवळजवळ पृथ्वीची दुसरी बाजू. तिकडे जायचं तर उत्तर ध्रुवाच्या अंगानं जाणं सगळ्यात जवळचं.

सोलापूरकरांना आवडेल असं एक सांगतो. मुंबई आपल्यापासून हवेतून साधारण ३६० किलोमीटर पश्चिमेला. पण सॅन फ्रान्सिस्कोपर्यंतचं अंतर सोलापूरहून काढलं तर सुमारे १३,५८० येतं. मुंबईपेक्षा फक्त ७० किलोमीटर जास्त! पश्चिमेला सरकून फारसं काही पदरात पडत नाही, कारण वाट उत्तरेची आहे.

होटगीरोड
सर, तुमचा प्रतिसाद वाचून मुलीचा गोल काढला आणि दोरा लावून बघितला. दुबईहून लावला तर तो जवळजवळ थेट ध्रुवावरून जातोय. बरोबर आहे का हे?

भूगोलमास्तर
अगदी बरोबर. दुबई आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्या रेखांशात जवळपास १७८ अंशांचं अंतर आहे. ताणलेला दोरा उत्तर ध्रुवापासून २०० किलोमीटरच्या आसपास येतो. अंतर भरतं सुमारे १३,००० किलोमीटर. मुंबई-दुबईचे १,९०० धरले की एकूण १४,९००-१५,०००.

सिंगापूरचं बघा. मुंबई-सिंगापूर ३,९००, सिंगापूर-सॅन फ्रान्सिस्को सुमारे १३,६००. एकूण साडेसतरा हजार. म्हणजे किलोमीटरच्या हिशेबात वडिलांचं म्हणणं खरंच आहे, अडीच हजार किलोमीटरचा वळसा पडतो. पण १३,६०० किलोमीटरला १५ तास आणि १३,००० ला १६ तास, हे का, ते विमानाच्या धंद्यातल्या माणसानं सांगावं.

उत्तरवारा
मी सांगतो. मूळचा अक्कलकोट रोडचा, गेली बरीच वर्षं मुंबईत विमानांचे मार्ग आखायच्या कामात आहे.

एवढ्या लांब पल्ल्याचं विमान हवेच्या तुलनेत ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतं. पण ती हवा स्वतः कुठे एका जागी असते? विमान भीमेच्या पुरातल्या होडीसारखं आहे. वल्हवणारा तोच, ताकद तीच, पण प्रवाहाबरोबर गेला तर पलीकडचं गाव लवकर येतं, प्रवाहाविरुद्ध गेला तर दम निघतो. ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्याचे पट्टे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. जपान आणि उत्तर पॅसिफिकवर ते सगळ्यात जोरकस. हिवाळ्यात तिथं कधीकधी ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातात, उन्हाळ्यात मंदावतात. सिंगापूरहून अमेरिकेला जाणारं विमान नेमकं हा वारा पाठीशी घेऊन जातं. वाटभर सरासरी ४० किलोमीटरची जरी मदत मिळाली, तरी १३,६०० किलोमीटर साडेचौदा तासांत कापलं जातं. वर धावपट्टीपर्यंत जायचा-यायचा अर्धा तास धरा, झाले तुमच्या तिकिटावरचे १५.

दुबईचं विमान उत्तरेला चढून ध्रुवाच्या बाजूनं पलीकडे उतरतं. त्याला पाठीशी सलग वारा मिळत नाही, कुठे आडवा तर कुठे समोरून. शिवाय दोऱ्याच्या रेघेवरून विमान तंतोतंत कधीच जात नाही.

याचा सगळ्यात मोठा दाखला आपल्याच देशातला आहे. एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पॅसिफिकवरून नेलं. अंतर तब्बल १,४०० किलोमीटरनं वाढून १५,३०० झालं, आणि तरी विमान साडेचौदा तासांत पोचलं, जवळपास दोन तास वाचले. त्यावेळी ते जगातलं सगळ्यात लांब पल्ल्याचं विनाथांबा उड्डाण ठरलं होतं. आम्ही नवीन मुलांना हेच उदाहरण देतो. किलोमीटर जमिनीचे असतात, तास हवेचे.

होटगीरोड
दोऱ्याच्या रेघेवरून विमान जात नाही म्हणालात, त्याचं कारण फक्त वारा?

उत्तरवारा
नाही, आणखी बरंच असतं. एक म्हणजे दोन इंजिनांच्या विमानाला एक इंजिन बंद पडलं तरी ठरावीक वेळात उतरता येईल असा विमानतळ सतत आवाक्यात ठेवावा लागतो. ध्रुवाकडे असे विमानतळ मोजकेच आणि तिथली परिस्थितीही अवघड. ६ जून २०२३ ला दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियातल्या मगदानला उतरवलं होतं, अनेकांना आठवत असेल. प्रवासी सुखरूप होते, पण त्यांना न्यायला दुसरं विमान पाठवावं लागलं.

दुसरं म्हणजे आकाशाची परवानगी. २०२२ पासून अमेरिकन आणि युरोपीय कंपन्यांना रशियावरून उडता येत नाही, आखाती कंपन्या जातात. २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्ताननं आपलं आकाश भारतीय कंपन्यांना बंद केलं, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या आपल्या विमानांना गुजरातवरून खाली अरबी समुद्रावर यावं लागलं आणि काही अमेरिकेच्या विमानांना इंधनासाठी मधे युरोपात थांबावं लागलं. विमानतळ तेच, अंतर तेच, तास मात्र वाढले. जून २०२५ मध्ये इराणचं आकाश बंद झालं तेव्हा आखाती कंपन्यांचीही अशीच धावपळ झाली होती.

म्हणून कुठल्याही संकेतस्थळावर दोन विमानतळांची नावं टाकून जो "उड्डाणाचा वेळ" मिळतो त्यावर विसंबू नका. ती सरळ रेघेला ठरावीक वेगानं भागून काढलेली संख्या असते. खरा आकडा हवा असेल तर त्याच क्रमांकाचं विमान गेल्या आठवड्यात रोज किती वाजता निघालं आणि कधी टेकलं ते बघा. विमानांचा माग दाखवणाऱ्या ॲपवर हे फुकट दिसतं.

भूगोलमास्तर
वा, किती नेमकं सांगितलंत! या वाऱ्याबद्दल थोडी भर घालतो, कारण या माणसाचं नाव मुलांना कळायला हवं. जपानच्या तातेनो वेधशाळेत वासाबुरो ओइशी नावाचे हवामानशास्त्रज्ञ होते. १९२० च्या दशकात ते आकाशात फुगे सोडून, दुर्बिणीतून त्यांचा माग ठेवून वरच्या वाऱ्याचा वेग मोजत. हे जोरदार वारे त्यांनी तेव्हाच नोंदवले होते. जगाला कळावं म्हणून त्यांनी अहवाल एस्पेरांतो या मुद्दाम तयार केलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत छापला आणि तो फारसा कुणी वाचलाच नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन बॉम्बफेकी विमानं जपानवर या वाऱ्यात सापडली, तेव्हा कुठे सगळ्यांचे डोळे उघडले. आज लाखो लोक त्या वाऱ्याच्या जोरावर तासभर आधी घरी पोचतात.

बाळीवेस
मंडळी, तुमी सगळे मुंबई-मुंबईच करायलाव. सोलापूरवाल्यांनी हैदराबादचा इचार का करू नये? रस्त्यानं तीनशे किलोमीटर हाय, रस्ता झकास. आमच्या पूर्व भागातली निम्मी माणसं शमशाबादवरूनच जातेत. दुबईची विमानं तितनंबी हायेत, सिंगापूरचीबी.

कंबरतलाव
दादा, खरंय तुमचं. पण आईची बहीण विलेपार्ल्याला असते, आदल्या दिवशी तिच्याकडे मुक्काम करता येईल, म्हणून मुंबई. सोलापूर-मुंबई विमानानं त्याच दिवशी जावं का? ऑक्टोबर २०२५ पासून ती सेवा सुरू झालीय ना.

सीनाकाठ
विमानानं जा, पण त्याच दिवशी नको. सोलापूर-मुंबई आणि मुंबई-अमेरिका ही दोन वेगळी तिकिटं असली, तर पहिल्याला उशीर झाल्यावर दुसरी कंपनी काहीही जबाबदारी घेत नाही. आमच्या नात्यातल्या एका कुटुंबाचं असंच झालं. आतलं विमान उशिरा आलं, बाहेरचं गेलं, आणि अख्खं तिकीट नव्यानं काढावं लागलं. तुम्ही मावशीकडे मुक्कामाचं ठरवलंय तेच उत्तम. मग वंदे भारतनं दादरला उतरलात तरी चालेल, रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस घेतलीत तरी चालेल. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को हा सगळा प्रवास मात्र एकाच तिकिटावर असू द्या. म्हणजे मधे उशीर झाला तर पुढची सोय कंपनी करते आणि बॅगाही थेट शेवटी मिळतात.

खाडीपलीकडे
ताई, मी सॅन फ्रान्सिस्कोजवळच राहते. माहेर साखर पेठेतलं. आई-बाबांना आणि सासू-सासऱ्यांना दोन्ही वाटांनी आणलंय, म्हणून जे बघितलं ते लिहिते.

अंतराचा हिशेब ठीक, पण वयस्कर माणसांना छळतो तो एक सलग टप्पा आणि झोप. इथे एक गोष्ट कुणी लिहिली नाही. दुबईचं विमान सकाळी निघतं आणि उत्तरेला जातं. मे महिन्यात आर्क्टिकवर सूर्य मावळतच नाही. म्हणजे सोळाच्या सोळा तास खिडकीबाहेर लख्ख दिवस. खिडक्या झाकतात, दिवे मंद करतात, पण माझ्या सासऱ्यांचा डोळा काही लागला नाही. दुपारी उतरले तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली. इमिग्रेशनच्या रांगेत त्यांचे पाय थरथरत होते आणि बोटांचे ठसे द्यायला हात पुढे करा म्हटलेलंही त्यांना चटकन कळेना.

सिंगापूरचं विमान पूर्वेला जातं, म्हणजे सूर्याच्या उलट. काही तासांत अंधार पडतो, मधे एक छोटी रात्र मिळते, सकाळी उतरता. आई-बाबा त्या रात्रीत चार-पाच तास तरी झोपले. शिवाय पहिला टप्पा साडेपाच तासांचा, मग सिंगापूरला साडेतीन तास पाय मोकळे, मग पंधरा. बाबांच्या गुडघ्याला ही विभागणी सोसेल. दोन तास जास्त लागले तर लागू द्या.

दोघांसाठीही व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवा. चालता येत असलं तरी सांगा, त्यात कमीपणा काही नाही. जागा कडेच्या घ्या, म्हणजे दर दीड-दोन तासांनी उठून चालता येतं. पायात रक्त साकळू नये म्हणून हे फार गरजेचं. घट्ट मोजे घालावेत का, ते डॉक्टरांना विचारा. पाणी मागून मागून प्यायला सांगा, आपली माणसं संकोचानं मागतच नाहीत.

होटगीरोड
शुगरच्या गोळ्यांचं काय करायचं पण? घड्याळ बदललं की सकाळची गोळी कधी घ्यायची?

खाडीपलीकडे
आईंच्या डॉक्टरांकडून हे कागदावर लिहून घ्या, इन्सुलिन असेल तर नक्कीच. आम्ही एक केलं होतं. आईचं मनगटावरचं घड्याळ इथं पोचेपर्यंत भारताच्या वेळेवरच ठेवलं आणि डॉक्टरांनी त्या वेळांप्रमाणे गोळ्या आणि खाणं लिहून दिलं. विमानातलं जेवण कधी येईल ते आपल्या हातात नसतं, म्हणून जवळ खायला हवंच. गोळ्या सगळ्या हातातल्या पिशवीत, मूळ पाकिटात, प्रिस्क्रिप्शनसकट.

कंबरतलाव
आई कडक भाकरी आणि शेंगा चटणी घेतल्याशिवाय घर सोडणार नाही. बहिणीनंही तेच मागितलंय. ते हातातल्या पिशवीत चालतं का?

खाडीपलीकडे
भाकरी खुशाल हातात ठेवा. प्रवासात तिच्यासारखं काही नाही, मोडली तरी खाता येते. चटणी मात्र मोठ्या बॅगेत घाला. अमेरिकेला येणाऱ्या विमानात ३५० मिलिलीटरपेक्षा जास्त पूड हातातल्या सामानात असली तर वेगळी तपासणी होते, आणि उघडता-तपासता नाही आली तर ठेवून घेतात. अर्ध्या किलोची चटणीची पिशवी त्यात सहज अडकते. उतरल्यावर खाण्याचे पदार्थ आहेत का असं विचारतील तेव्हा "हो" म्हणायचं आणि काय आहे ते सांगायचं. सांगितलेल्या वस्तूवर फार तर ती काढून घेतील, लपवलेल्या वस्तूवर दंड होतो.

कंबरतलाव
बाबांना सगळा धागा वाचून दाखवला. सरांच्या दोऱ्याचा प्रयोग त्यांनी स्वतः करून बघितला आणि मग स्वतःच म्हणाले, सिंगापूर. आता शेवटचं विचारते. परतीचं तिकीट ऑक्टोबरातलं, तेही सिंगापूरमार्गेच. मंगळवारी रात्री १०:३० ला निघतात आणि सिंगापूरला गुरुवारी सकाळी ६:३०. बुधवार गेला कुठे? आणि येताना सतरा तास का?

उत्तरवारा
सतरा तास त्याच वाऱ्यामुळे. जाताना पाठीवर होता, येताना तोंडावर. विमान चालवणारे आणि आम्ही मार्ग आखणारे येताना त्या पट्ट्याला बगल देऊन उत्तरेकडून किंवा दक्षिणेकडून काढायचा प्रयत्न करतो, तरी दीड-दोन तास जास्त लागतातच.

बुधवार पॅसिफिकवर जातो. आंतरराष्ट्रीय वार रेषा ओलांडून पश्चिमेला आलं की तारीख एकानं पुढे जाते. जाताना नऊला निघून नऊला पोचलात, तेव्हा हाच दिवस आधी हातात आला होता.

सीनाकाठ यांच्या पद्धतीनं ताळा करा. ऑक्टोबरात तिथली घड्याळं अजून उन्हाळ्याच्याच वेळेवर असतात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ती तासभर मागे जातात. त्यामुळे मंगळवार रात्री १०:३० म्हणजे आपले बुधवार सकाळचे ११. सिंगापूरचे गुरुवार सकाळी ६:३० म्हणजे आपले गुरुवार पहाटेचे ४. बरोबर १७ तास.

सीनाकाठ
आणि हो, सिंगापूरहून सकाळचं विमान मिळालं तर मुंबईत गुरुवारी दुपारपर्यंत उतरतील. सामान आणि इमिग्रेशनला वेळ धरूनही गुरुवार रात्रीची सिद्धेश्वर मिळेल, पण गुडघे बघता मावशीकडे एक रात्र राहू द्या आणि शुक्रवारचं रिझर्व्हेशन करा. खालचे बर्थ दिवाळीच्या आसपास पटकन संपतात, तेवढं तारीख उघडली की लगेच काढून ठेवा.